थर्मोस्टॅटविना आठ वर्षे: एका केटररच्या डिझेल व्हॅनचे प्रकरण

आमच्या घरात दोन प्रकारच्या वह्या जपून ठेवल्या जातात. एक ऑर्डरींची, दुसरी गाडीची. गाडीची वही लांबट, कापडी पुठ्ठ्याची, डॅशबोर्डाच्या खणात असते. तारीख, किलोमीटर, डिझेल किती लिटर, किती रुपये, आणि शेवटच्या रकान्यात काही काम निघाले असेल तर ते. गाडी घेतली त्या दिवशी आबांनी ड्रायव्हर मामांना एवढी एकच अट घातली होती, आणि मामांनी ती एकवीस वर्षे पाळली. हे प्रकरण मी लिहिते आहे ते त्या नऊ वह्यांच्या आधारावर. त्या नसत्या तर आमच्या गाडीला काय झाले होते हे आम्हाला कधीच कळले नसते.

आम्ही वाईचे. आबांचा लग्नकार्यांच्या जेवणाचा धंदा. आधी भाड्याच्या मॅटाडोरमधून पातेली जायची. २००४ च्या दिवाळीआधी त्यांनी कर्ज काढून बंद पत्र्याची डिझेल व्हॅन घेतली, ट्रॅव्हलर. कागदांवर उत्पादक म्हणून अजून बजाज टेम्पो असे नाव आहे; ते नाव २००५ मध्ये बदलून फोर्स मोटर्स झाले. १९५८ साली ही कंपनी हॅम्बुर्गच्या विडाल आणि झोन यांच्या सहकार्याने उभी राहिली. ‘टेम्पो’ हे त्या जर्मन गाड्यांचे नाव, आणि आपल्याकडे ते इतके रुळले की माल वाहणारी कुठलीही छोटी गाडी टेम्पोच झाली. आमच्याकडेही तिला कोणी व्हॅन म्हणत नाही. ‘टेम्पो आला का?’ असेच आई विचारते.

इंजिन २.४ लिटरचे, चार सिलेंडरचे, मर्सिडीजच्या जुन्या रचनेचे. त्याच्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. डिझेल थेट सिलेंडरमध्ये न जाता आधी हेडमधल्या, म्हणजे सिलेंडरांवरच्या झाकणातल्या, लहानशा कोठडीत फवारले जाते, तिथे पेट घेते आणि मग खाली उतरते. म्हणून गार इंजिन सुरू करण्याआधी हीटर प्लग तापू द्यावे लागतात, आणि म्हणूनच या इंजिनाला आतून व्यवस्थित गरम राहणे फार गरजेचे असते. ही शेवटची गोष्ट आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हती.

पसरणीचा घाट, मे २००९

वाईहून पाचगणीला बारा-तेरा किलोमीटरचा घाट आहे. तिथल्या एका हॉलवर लग्न होते. गाडीत तांदूळ, तेलाचे डबे, तीन भट्ट्या, गॅसचे सिलेंडर, मोठी पातेली, आणि या सगळ्यावर बसलेले सात वाढपी. घाटाच्या मध्यावर काटा लाल पट्ट्यात गेला. मामांनी गाडी बाजूला घेतली तोवर बॉनेटमधून वाफ येत होती. त्यांनी घाईने थंड पाणी ओतले. तापलेल्या हेडवर थंड पाणी पडले की हेड वाकते, हे तेव्हा त्यांना माहीत नव्हते. जेवण दुसऱ्या गाडीने वर गेले, वरातीला तासभर उशीर झाला, आणि आमची गाडी ओढून खाली आणली.

वाढप्यांना मागे बसवण्याबद्दल इथेच लिहून टाकते, कारण ते प्रकरणाबाहेरचे असले तरी गप्प बसणे मला जमणार नाही. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसवली आणि अपघात झाला, तर त्या माणसांसाठी विमा कंपनीकडे सहसा हक्क मागता येत नाही. आम्ही हे पाच वर्षे करत होतो. गॅसच्या सिलेंडरांशेजारी ती पोरे बसायची. २००९ नंतर आम्ही ते बंद केले. वाढप्यांसाठी वेगळी जीप सांगतो, आणि तो खर्च ऑर्डरीच्या भावात धरतो.

गॅरेजमध्ये हेड उतरवले, फेस मारला, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट केला, नवे गॅस्केट बसले. वहीत शेवटच्या रकान्यात मामांच्या अक्षरात आहे: ‘हेड काम. गॅस्केट. थर्मोस्टॅट काढला.’ मिस्त्रींनी पाण्याच्या वाटेवरचा तो छोटा पितळी भाग आबांच्या हातात ठेवून सांगितले होते, ‘हे काढून टाकलंय, आता पाणी मोकळं फिरेल, गाडी कधी तापणार नाही.’ आबांनी तो देवघराच्या फडताळात ठेवला. त्या मिस्त्रींना मी दोष देत नाही. आमच्या भागात त्या काळी निम्मी गॅरेजे हेच करत, आणि ऐकायला ते पटतेही.

वहीतली पायरी

२०१७ मध्ये गाडी सकाळी निळसर धूर सोडू लागली. ऑइल कमी होत होते. घाटात दुसऱ्या गिअरवर चढणारी गाडी पहिल्यावर येत होती. किलोमीटर होते एक लाख ८२ हजार. दोन गॅरेजांनी सांगितले, इंजिन गेले, हाफ इंजिन करा, म्हणजे आतले झिजलेले भाग बदला, नाहीतर गाडी विका. तेरा वर्षे जुनी डिझेल गाडी म्हटल्यावर विकण्याचाच सल्ला जास्त मिळाला.

मी तेव्हा बी.कॉम. करून आबांचे हिशेब बघत होते. विकायचे असेल तर आजवर गाडीला एकूण काय लागले ते काढू या, म्हणून सगळ्या वह्या काढल्या आणि प्रत्येक महिन्याचे किलोमीटर भागिले लिटर, असे आकडे एका कागदावर मांडले. माझी अपेक्षा होती की ॲव्हरेज दरवर्षी थोडेथोडे घसरत गेले असेल, जशी माणसाची नजर कमी होते. तसे दिसले नाही. २००४ पासून मे २००९ पर्यंत आकडा साडेदहा ते अकराच्या मध्ये होता. जून २००९ मध्ये तो सव्वानऊवर उतरला आणि तिथेच राहिला. पुढची आठ वर्षे तो अगदी हळू हळू नऊच्या आत गेला.

झीज असती तर सगळा आलेख उतरता असता. एका महिन्यात जे उतरते त्याच्यामागे काहीतरी एकच घडलेले असते. त्या महिन्याच्या शेवटच्या रकान्यात तीन गोष्टी होत्या: हेड, गॅस्केट, थर्मोस्टॅट.

सातारला एक वयस्कर मिस्त्री होते, फक्त डिझेलचे काम करणारे. त्यांच्याकडे कागद घेऊन गेले. त्यांनी कागद बाजूला ठेवला, गाडी घेऊन दहा किलोमीटरचा फेरा मारला, बॉनेट उघडले आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला. मग मलाही ठेवायला सांगितला. कोमट होता, अंघोळीच्या पाण्याइतका. म्हणाले, ‘ताई, हे इंजिन आठ वर्षं थंडीत काकडतंय.’

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचे मेण भरलेले दार. इंजिन गार असताना ते बंद राहते, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरते आणि लवकर तापते. साधारण ८० अंशांना मेण फुगते, दार उघडते, पाणी रेडिएटरकडे जाते. दारच नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून गार होऊन येते. आमचे काम असे की गाडी घरून हॉलवर सहा-सात किलोमीटर जाते, थांबते, परत येते. इतक्या अंतरात ती कधी तापतच नव्हती.

गार सिलेंडरमध्ये डिझेल पूर्ण जळत नाही. न जळलेले डिझेल भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते आणि ऑइल पातळ करते. शिवाय त्या वर्षांतल्या डिझेलमध्ये गंधक भरपूर होते. बीएस३ (भारत स्टेज, धुराच्या सरकारी मानकाचा तिसरा टप्पा) डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे. बीएस४ ला ते ५० वर आले, आणि १ एप्रिल २०२० पासून १० वर. गंधक जळून जो वायू होतो तो गार भिंतीवरच्या दवात मिसळला की आम्ल तयार होते. तेच आमचे लायनर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या नळ्या, आणि पिस्टनच्या रिंगा खात होते. या घराण्याची इंजिने नीट वापरली तर तीन लाखांच्या पुढे सहज जातात. आमचे पावणेदोन लाखांवर दमले.

मग माझा प्रश्न असा होता की गाडी गार राहत होती, तर उन्हाळ्यात घाटात काटा वर का जायचा? कारण वहीत २०११ आणि २०१४ च्या मे महिन्यांत ‘घाटात तापली, थांबलो’ अशा नोंदी आहेतच. त्याचे उत्तर मिस्त्रींनी देवघरातला तो जुना भाग मागवून दाखवले. त्याला खाली आणखी एक तबकडी असते. वरचे दार उघडते तेव्हा ही तबकडी इंजिनातल्या इंजिनात फिरण्याची आडवाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ही आडवाट कायमची उघडी. सपाटीवर फरक पडत नाही, पण चढावर, भार असताना, तापलेले पाणी रेडिएटरला न जाता आडवाटेने पुन्हा इंजिनात शिरते. म्हणजे ज्या घाटासाठी तो काढला, त्या घाटात त्याची सर्वांत जास्त गरज होती.

आणि २००९ मध्ये गाडी मुळात तापली कशाने? रेडिएटर उघडला तेव्हा नळ्यांच्या आत पांढरट खडूसारखा थर निघाला. आमच्या आवारात बोअरचे पाणी आहे, जड. चहाच्या भांड्याला जो थर चढतो तोच. मामा रोज सकाळी त्याच बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालत, काळजीपोटी. पाच वर्षांत नळ्या अर्ध्या बुजल्या होत्या. दुखणे रेडिएटरचे होते आणि ऑपरेशन दुसऱ्याच अवयवाचे झाले.

हिशेब मी मांडला आहे. आठ वर्षांत गाडी एक लाख १२ हजार किलोमीटर चालली. १०.७ च्या ॲव्हरेजने जे डिझेल लागले असते त्याहून सुमारे अठराशे लिटर जास्त लागले. सगळेच थर्मोस्टॅटच्या नावावर टाकता येणार नाही, डिझेल फवारणारी नोझलही झिजली होती. तरी त्या काळच्या भावाने नव्वद हजारांच्या आसपास रुपये, आणि वर हाफ इंजिनचे पासष्ट हजार. नवा थर्मोस्टॅट काही शे रुपयांना मिळाला.

गाडी विकली नाही. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे बदलली, नोझल पंपवाल्याकडून तपासून आणली, रेडिएटरचा कोअर नवा घातला, तयार कूलंट भरले. पहिले हजार किलोमीटर मामांनी गाडी बाळंतिणीसारखी जपली. तिसऱ्या महिन्यात वहीत १०.२ आले. आबांनी तो आकडा दोनदा वाचला.

ताकाचा आणि मिठाचा पत्रा

केटररच्या गाडीचा पत्रा बाहेरून कुजण्याआधी आतून कुजतो. ताक, कढी, लोणच्याचा खार, चिंचेचे पाणी, मिठाच्या फुटलेल्या पिशव्या. घाटाच्या वळणावर पातेले हेंदकाळले की हे सगळे रबरी मॅटखाली जाते आणि तिथेच मुरते. वरून मॅट स्वच्छ दिसते. २०१३ मध्ये मागच्या चाकाच्या वरचा पत्रा बोटाने दाबला तर आत गेला. तिथे लोखंडी चेकर प्लेट मारली, आणि ती चूक होती. तीही पाच वर्षांत सडली, शिवाय वजन वाढले. २०१८ मध्ये ॲल्युमिनियमची प्लेट बसवली, खाली निचऱ्याची जुनी भोके मोकळी केली, मॅट कायमची काढली. रोज रात्री गाडी उतरणीवर उभी करून गोड्या पाण्याने आतून धुतात. सात वर्षांत एकही जोड द्यावा लागलेला नाही. अशी गाडी घेणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी मॅट उचलून बघायला सांगेन.

वारीचे थोडक्यात. आषाढात आमची गाडी एका दिंडीच्या स्वयंपाकाला जाते, आळंदी ते पंढरपूर. ही सेवा आहे, भाडे घेत नाही. पण दिवे घाटात गर्दीतून अर्ध्या क्लचवर इंच इंच सरकल्याने २०१० आणि २०१२ अशा दोन वर्षांत दोन क्लच प्लेटी जळल्या. आता मामा रात्री दोनलाच पुढच्या मुक्कामी निघतात. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, सगळीकडे पालखीच्या कितीतरी आधी चूल पेटलेली असते. २०१३ मध्ये टाकलेली क्लच प्लेट २०२१ पर्यंत चालली.

उभी राहिलेली गाडी

मार्च २०२० मध्ये लग्ने थांबली आणि गाडी आवारात उभी राहिली. आबांना ती बंद बघवत नव्हती. ते रोज सकाळी खाली जाऊन पाच मिनिटे इंजिन चालू करायचे, आवाज ऐकायचे, बंद करायचे. मीही काही बोलले नाही. धंदा बंद, कामगार गावी गेलेले, त्या आवाजाने घरात जरा जीव यायचा.

पण पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. रोज पाच मिनिटे म्हणजे आम्ही पुन्हा तेच करत होतो जे थर्मोस्टॅटविना आठ वर्षे केले. सप्टेंबरात ऑइल काढले तेव्हा ते पातळ होते आणि डिझेलचा वास मारत होते. टाकी पाव भरलेली, उरलेल्या पोकळीत पावसाळ्याचे दव धरून तळाशी पाणी साचलेले, आणि डिझेल व पाणी जिथे भेटतात तिथे काळपट बुळबुळीत थर. फिल्टर दोनदा चोंदला. मागचे एक व्हील सिलेंडर गंजून अडकले होते, आणि उंदरांनी दिव्यांची वायर कुरतडली होती.

दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, वेगळे केले. टाकी काठोकाठ भरली, बॅटरीची तार काढली, हँडब्रेक न लावता चाकांना दगडाच्या उटी लावल्या. पंधरा दिवसांतून एकदा, परवानगीच्या वेळेत, गाडी धोमच्या रस्त्याला काटा ८० ला येईपर्यंत नेऊन आणायची. मधल्या दिवसांत आबांनी चावीला हात लावायचा नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवले. जुलैमध्ये गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

ठेवायची की द्यायची

मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या नूतनीकरणाचे शुल्क कित्येक पटींनी वाढले. आमच्या गटाला साडेसात हजार झाले. त्या वर्षी घरात पुन्हा विषय निघाला. नातेवाईक म्हणत होते, दहा वर्षांच्या डिझेल गाड्या आता जप्त करतात. तो नियम दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्राचा. साताऱ्यात फिटनेस मिळते तोवर गाडी चालवता येते.

दुसरी धास्ती परवान्याची होती. मामांकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना, मालवाहू गाडीची वेगळी नोंद नाही, आणि एवढ्या कारणावर विमा कंपन्या दावे अडवत असत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी त्याच परवान्यावर चालवता येते. ती बातमी मी कापून मामांना दिली. त्यांनी ती वहीत चिकटवली आहे.

नवी बीएस६ व्हॅन आम्ही चालवून पाहिली. शांत आहे, ब्रेक चांगले, एसी आहे. पण तिच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, आणि साचलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. आमची गाडी आठवड्यातले पाच दिवस सहा-सात किलोमीटरच्या पुढे जात नाही. ज्या वापराने आमचे जुने इंजिन खाल्ले, तोच वापर नव्या गाडीची गाळणी चोंदवणार. रोज सातारा-पुणे करणाऱ्याने नवी गाडी डोळे झाकून घ्यावी. आमच्या कामाला ती मला पटली नाही.

मात्र जुनी गाडी ठेवण्याची दुसरी बाजूही आहे. पाचगणीच्या शाळांसमोरून आमचा धूर जातो. पीयूसीत जुन्या डिझेलला धुराची दाटी मोजणाऱ्या हार्टरिज मापाने ६५ पर्यंत चालते. २०१७ च्या कामाआधी आम्ही ६१ वर होतो, आता ३८ ते ४२ च्या मध्ये असतो. गाळणी असलेल्या नव्या गाडीच्या जवळपासही आपण नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आबांशी बोलून असे ठरवले: पुणे, कोल्हापूर अशा लांबच्या ऑर्डरींना नवी गाडी भाड्याने घ्यायची, आणि आमची फक्त तालुक्यात व वारीला. घरून निघण्याआधी उभ्या उभ्या इंजिन तापवायचे नाही. सुरू करून लगेच हळू चालवत न्यायचे, चालताना ते लवकर तापते आणि धूरही कमी होतो. २०२४ मध्ये, काही बिघडलेले नसताना, थर्मोस्टॅट नवा टाकला.

गाडी आज दोन लाख ७८ हजार किलोमीटरवर आहे. मामा यंदा वारीनंतर थांबले. गुडघे क्लच दाबू देत नाहीत. त्यांच्या जागी त्यांचाच पुतण्या आला आहे. चावीबरोबर मामांनी त्याला दहावी वही दिली, नवी कोरी, आणि पट्टीने रेघा मारताना लिटर आणि रुपये यांच्या शेजारी एक जास्तीचा रकाना आखला. वर लिहिले, ‘काटा’. पोराने लिहिलेली पहिली ओळ आहे: सुरूर फाटा, सकाळी ६.४०, काटा ८०.